एकसंध क्यूचे रूपांतर : प्रक्रिया आणि परिभाषा

१. विषय व मर्यादा

बिलियर्ड्स, स्नूकर व पूल या तिन्ही खेळांत चेंडूस आघात करण्यासाठी जी लांब, निमुळती काठी वापरतात तिला मराठीत ‘क्यू’ असेच म्हणतात. अशी जुनी, एकाच लांबीत घडविलेली काठी मध्यावर कापावयाची, तिच्या भागांना आट्यांचा सांधा बसवावयाचा आणि विशिष्ट खेळाडूच्या हातास बेतलेला दोन भागांचा नवा क्यू तयार करावयाचा, ही विसाव्या शतकात रूढ झालेली एक स्वतंत्र कारागिरी आहे. प्रस्तुत लेखात या कारागिरीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा आणि ती मराठीत सांगावयाची झाल्यास कोणते शब्द हाताशी आहेत हे पाहण्याचा दुहेरी हेतू आहे.

परिभाषेचा प्रश्न आपल्याकडे बहुधा ग्रंथालयात बसून सोडविला जातो. इंग्रजी संज्ञा एका स्तंभात लिहावयाची व तिच्यासमोर संस्कृत धातूपासून घडविलेला प्रतिशब्द ठेवावयाचा, ही त्याची परिचित रीत. येथे त्याउलट रीत अवलंबिली आहे. प्रथम क्रिया कोणती होते हे पाहावे, आणि मग तीच किंवा तिच्यासारखी क्रिया करणारा मराठी कारागीर तिला काय म्हणतो हे विचारावे. या परीक्षेसाठी नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुका सोईचा आहे. तेथे क्यू तयार होतात असे सुचविण्याचा हेतू नाही. बैलगाडी, तिफण व वखर घडविणाऱ्या सुताराचा धंदा देशावरील इतर तालुक्यांप्रमाणे तेथेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आणि याच तालुक्यातील ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना उभा राहून लेथवर काम करणाऱ्या कामगारांची एक नवी शब्दसृष्टी तेथे येऊन मिळाली. क्यूच्या सांध्यात लाकूड व पोलाद एकत्र येतात. त्या सांध्याचे वर्णन करावयास सुतार व टर्नर या दोघांचीही भाषा लागते, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. शब्द आणि वस्तू

‘क्यू’ या शब्दाचे मूळ फ्रेंच भाषेतील ‘शेपूट’ या अर्थाच्या शब्दात आहे. पूर्वी चेंडू ढकलण्यासाठी रुंद डोक्याची एक काठी वापरीत असत. चेंडू टेबलाच्या कडेस टेकला की ते रुंद डोके तेथे शिरत नसे. तेव्हा काठी उलटी धरून तिच्या बारीक शेपटाने चेंडू मारण्याचा प्रघात पडला, आणि पुढे शेपूट हेच मुख्य साधन झाले. दुकानासमोरील रांगेस इंग्रजीत आणि नागरी मराठीतही ‘क्यू’ म्हणतात, तो शब्दही त्याच फ्रेंच मूळाचा. इंग्रजीत लेखनभेदामुळे हे दोन शब्द वेगळे राहिले. देवनागरीत मात्र ते पुन्हा एकरूप झाले आहेत.

या खेळाचा मराठी प्रदेशाशी असलेला संबंध जुना आहे. स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूर येथील लष्करी अधिकाऱ्यांत नेव्हिल चेंबरलेन याने सुरू केला असे मानले जाते. त्या वेळी जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे मध्यप्रांतातच होती. जागतिक हौशी बिलियर्ड्सचे अजिंक्यपद १९५८ साली कलकत्ता येथे व पुन्हा १९६४ साली न्यूझीलंडमध्ये मिळविणारे विल्सन जोन्स यांचा जन्म १९२२ साली पुण्यात झाला. तथापि हा खेळ दीर्घकाळ क्लब आणि जिमखाने यांच्या भिंतींआड राहिला, आणि त्याची भाषा इंग्रजीच राहिली. क्यूची घडण मराठीत सांगण्याचा प्रसंगच फारसा आला नाही. प्रसंग न येणे आणि शब्द नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. परिभाषेच्या चर्चेत त्यांची नेहमी गल्लत होते.

३. जुन्या क्यूची रचना

पूलच्या खेळातील सामान्य एकसंध क्यू सुमारे ५७ ते ५८ इंच, म्हणजे १४५ ते १४७ सेंटिमीटर लांब असतो. त्याचे वजन साधारणतः १८ ते २१ औंस, म्हणजे ५१० ते ५९५ ग्रॅम भरते. त्याच्या टोकाचा व्यास १३ मिलिमीटरच्या आसपास असतो. स्नूकरच्या क्यूचे टोक याहून बारीक, ९ ते १० मिलिमीटरचे असते. ‘एकसंध’ हे विशेषण येथे लांबीपुरते खरे आहे. उत्तम प्रतीचा जुना क्यू एकाच लाकडाचा नसे. पुढचा भाग मेपलसारख्या फिक्या, सरळ तंतूंच्या लाकडाचा आणि मुठीकडचा भाग एबनी, रोजवुड अशा जड, गडद लाकडाचा असे. वजन मुठीकडे राहावे आणि टोक हलके राहावे, हा त्यामागील हेतू.

ही दोन लाकडे एकमेकांस कशी जोडीत, हे पाहण्यासारखे आहे. दोन्ही लाकडांच्या टोकांना लांब, निमुळत्या खाचा पाडून एकाची बोटे दुसऱ्याच्या खाचांत सरसाने घट्ट बसवीत. नंतर तो जोड कातून गोल केला की गडद लाकडाची चार टोकदार शिखरे फिक्या लाकडात चढत गेलेली दिसत. ही शिखरे शोभेसाठी कोरलेली नव्हेत. ती जोडाचीच बाहेर दिसणारी रेषा आहे. सरसाला धरावयास मोठा पृष्ठभाग मिळावा म्हणून जोड असा लांबवर तिरका केलेला असतो.

या बोटांना निफाडचा सुतार काय म्हणेल? एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास निमुळता होत जाणारा, खाचेत घट्ट बसणारा लाकडाचा तुकडा म्हणजे पाचर. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की डोळ्यात पाचर मारतात हे सर्वांस ठाऊक आहे. क्यूमधील बोट लाकडापासून सुटे नसते, एवढाच फरक. म्हणून या जोडास ‘पाचरजोड’ म्हटल्यास त्याचा आकार आणि त्याचे कार्य या दोहोंचा बोध होतो. लाकडांच्या बाबतीतही अपरिचित असे फार थोडे आहे. रोजवुड म्हणून ओळखली जाणारी लाकडे आपल्या शिसवाच्या डाल्बर्जिया प्रजातीतील. आणि एबनी ज्या डायोस्पायरॉस प्रजातीतील, तिच्यातीलच आपली टेंभुर्णी.

४. रूपांतराची परंपरा

अमेरिकेतील ब्रन्सविक-बाल्क-कॉलेंडर या कंपनीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘टायटलिस्ट’ नावाचे एकसंध क्यू मोठ्या संख्येने तयार केले. ते खेळघरांच्या भिंतीवरील चौकटींत कोणीही घ्यावे म्हणून ठेवलेले असत. त्यांचा पाचरजोड मात्र फार उत्तम प्रतीचा होता. याच कंपनीत दीर्घकाळ काम केलेला शिकागोचा कारागीर हर्मन रॅम्बो याने असे क्यू घेऊन त्यांना सांधा बसविण्याचे आणि नामवंत खेळाडूंच्या आवडीप्रमाणे घडविण्याचे काम केले. रशियात १९१२ साली जन्मलेला व १९२४ साली अमेरिकेत आलेला जॉर्ज बालाबुश्का हा मूळचा लाकूडकाम करणारा. त्याने १९५९ साली क्यू बनविण्यास प्रारंभ केला, तोही टायटलिस्टच्या तयार पाचरजोडावरच. तो १९७५ साली निवर्तला. त्याच्या हातचे क्यू आज संग्राहकांत अत्यंत मोलाचे मानले जातात.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. या उत्तम क्यूंचे मर्मस्थान कारखान्यात घडलेल्या सामान्य क्यूतून आलेले होते. नव्या कारागिराने जुन्यातील टिकाऊ भाग ओळखला, तो राखला आणि उरलेले बदलले. रूपांतर या शब्दाचा येथील अर्थ एवढाच आहे, आणि त्याची कसोटीही हीच आहे : जुन्यापैकी राखण्याजोगे किती राखले गेले?

५. कापण्यापूर्वीची परीक्षा

क्यू एकदा कापला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. यास्तव परीक्षा आधी करावी लागते. पहिला प्रश्न, तो कापावा की नाही हाच. एखाद्या जुन्या कारागिराचा दुर्मीळ व अविकृत क्यू असेल तर त्याचे मोल त्याच्या मूळ स्थितीतच असते. पाचरजोडातील सरस सुटला असेल, तंतूंच्या दिशेने चीर गेली असेल किंवा लाकडास पीळ पडला असेल, तर रूपांतराचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न वाकाचा. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या क्यूला थोडा वाक असतोच. येथे साधी भूमिती उपयोगी पडते. वाक सर्वत्र सारखा, म्हणजे वर्तुळाच्या कमानीसारखा असेल, तर कमानीची उंची लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून संपूर्ण लांबीत मध्यावर २ मिलिमीटर वाक असलेला क्यू बरोबर मध्यावर कापला, तर प्रत्येक अर्ध्यात वाक एकचतुर्थांश, म्हणजे अवघा अर्धा मिलिमीटर उरतो. निकामी वाटणारा क्यू दोन भागांत उपयोगी ठरतो तो यामुळे. मात्र वाक एकाच ठिकाणी, विशेषतः पाचरजोडाजवळ साठलेला असेल, तर हे गणित लागू पडत नाही.

तिसरा प्रश्न जाडीचा. मुठीकडील टोकाचा व्यास ३२ मिलिमीटर आणि पुढील टोकाचा १३ मिलिमीटर धरला, आणि उतार सरळ मानला, तर मध्यावर व्यास २२.५ मिलिमीटर येतो. पूलच्या क्यूचा सांधा सामान्यतः २१.५ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्या जागी व्यासात १ मिलिमीटर, प्रत्येक बाजूस अर्धा मिलिमीटर लाकूडच कातून काढावयास शिल्लक आहे. उरलेला वाक, जुन्या रोगणाचा थर, पूर्वी कोणी घासून केलेली झीज हे सर्व एवढ्यात सामावले पाहिजे. अनेक जुने क्यू या जागी मुळातच बारीक केलेले असतात. अशा वेळी सांधा मुठीच्या बाजूस सरकवावा लागतो किंवा विचारच सोडून द्यावा लागतो.

चौथा प्रश्न लांबीचा. दोन्ही भाग २९ इंचांचे हवे असतील तर ५८ इंच लाकूड लागते. जुना क्यू ५७ इंचांचा असेल, करवतीच्या पात्याने एक सूत खाल्ले आणि दोन्ही तोंडे सपाट करण्यात आणखी एक सूत गेले, तर सव्वा इंच लाकूड कमी पडते. सूत म्हणजे सुताराच्या मोजमापातील इंचाचा आठवा भाग. मीटर आले तरी हे माप कारागिरांच्या तोंडी टिकून आहे. या तुटीमुळेच रूपांतरात बहुधा जुन्या क्यूचा मुठीकडील भाग राखतात आणि पुढचा भाग नव्या मेपलचा करतात.

६. कापणे, चिरणे, कातणे

परीक्षेनंतर क्यू आडवा कापतात. मराठी सुतार लाकूड तंतूंच्या आडवे तोडण्यास कापणे म्हणतो, तर तंतूंच्या दिशेने फळ्या पाडण्यास चिरणे म्हणतो. क्यू कापावयाचा असतो, चिरावयाचा नसतो. ‘छेदन’ असा प्रतिशब्द दिला तर हा भेद बुजतो. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या भेदावर पुढील सर्व काम अवलंबून आहे. आडवे कापलेले तोंड पाणी व सरस चटकन शोषते, त्यावर आटे नीट धरत नाहीत, आणि म्हणून सांध्याच्या तोंडांना वेगळी तजवीज करावी लागते.

यानंतर मुठीचा भाग लेथवर दोन केंद्रांत धरून हलक्या हाताने कातावयाचा. येथे मराठीत तीन थरांचे शब्द एकत्र नांदताना दिसतात. कांतणे किंवा कातणे हा सर्वांत जुना. संस्कृतात ‘कृत्’ हा धातू कापणे व सूत कातणे या दोन्ही अर्थांनी आढळतो, आणि फिरत्या लाकडावर पाते लावून ते गोल करणाऱ्याच्या कामात या दोन्ही अर्थांची छाया आहे : वस्तू चातीसारखी फिरते आणि कापलीही जाते. अशा कामाच्या कारागिरास कातारी म्हणत. दुसरा थर खराद व खरादी या शब्दांचा, तो फार्सी-अरबी परंपरेतून आला. तिसरा लेथ व टर्नर यांचा, तो इंग्रजीतून, कारखान्यांच्या मार्गाने आला. ओझरसारख्या ठिकाणी हा तिसरा थर प्रबळ असणे स्वाभाविक आहे. परंतु लेथ हे यंत्राचे नाव आले म्हणून क्रियेचे नाव जावयास हवे असे नाही. लेथवर कातता येते.

कातताना एका वेळी फार लाकूड काढीत नाहीत. जुने लाकूड मुरलेले असते. त्यातील ओलावा हवेशी जुळलेला असतो, आणि हाच त्याचा मोठा गुण. तथापि बाहेरचा थर निघाला की आतील ताण मोकळे होऊन मुरलेले लाकूडही थोडे हलते. म्हणून एक पातळ थर काढावयाचा, काठी उभी टांगून काही दिवस ठेवावयाची, आणि पुन्हा दुसरा थर काढावयाचा, असा क्रम असतो. घाई केल्यास आज सरळ वाटलेली काठी महिन्याने वाकलेली आढळते.

पाचरजोड असलेल्या काठीत आणखी एक धोका आहे. खाचेचा तळ आतून बाहेर चढत गेलेला असल्यामुळे काठी जितकी बारीक करावी तितकी पाचरींची शिखरे आखूड होतात. काठीचा अक्ष किंचित चुकला आणि एका बाजूचे लाकूड अधिक निघाले, तर त्या बाजूची शिखरे खाली येतात आणि समोरची वर राहतात. चार शिखरे एका उंचीवर असणे ही म्हणून केवळ सौंदर्याची गोष्ट नाही. कातणाऱ्याने जुना अक्ष राखला की नाही याची ती साक्ष असते, आणि ती अनभिज्ञ माणसासही वाचता येते.

७. सांधा

रूपांतराचे खरे काम सांध्यात आहे. मुठीच्या भागाच्या तोंडात मध्यावर भोक पाडून त्यात पोलादाचा आटे पाडलेला खिळा बसवितात. पुढच्या भागाच्या तोंडात त्याच मापाचे आटे असलेले भोक करतात. प्रचलित मापांपैकी एक ५/१६ इंच व्यासाचे, इंचास १४ आटे असलेले. दुसरे ३/८ इंच व्यासाचे, इंचास १० आटे असलेले. दुसऱ्या मापाचे आटे मोठे असल्याने ते थेट मेपलमध्येही पाडता येतात. पहिल्यासाठी बहुधा पितळेची नळी आत बसवितात.

आटे असलेल्या खिळ्यास इंग्रजीतून आलेला ‘स्क्रू’ हा शब्द आता सर्वतोमुखी आहे. त्यापूर्वीचा मराठी शब्द मळसूत्र. मोल्सवर्थच्या १८३१ साली प्रथम व १८५७ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या कोशाच्या काळात तो प्रचारात होता. मळसूत्र बोलीतून मागे पडले. परंतु त्याच्यावरील पिळाचे नाव ‘आटे’ मात्र टिकले. आजही यंत्रशाळेतील कामगार आटे पाडतो, आटे गेले म्हणतो. वस्तूचे नाव बदलले तरी तिच्या अवयवाचे नाव टिकते, असा हा नमुना आहे.

आट्यांचे काम दोन भाग एकमेकांकडे ओढून धरण्याचे. दोन्ही भागांचा अक्ष एक ठेवण्याचे काम आट्यांवर सोडता येत नाही, कारण आटे फिरावेत म्हणून त्यांच्यात बारीक फट ठेवावीच लागते. बालाबुश्काने वापरलेल्या प्रकारच्या सांध्यात यावर एक युक्ती आहे. पुढच्या भागातील पितळी नळी तोंडाबाहेर किंचित पुढे काढलेली असते आणि ती मुठीच्या तोंडावरील पोलादी बांगडीच्या खोबणीत नेमकी बसते. तीच अक्ष राखते. या पुढे आलेल्या भागास मराठीत नाव शोधावे लागत नाही. बैलगाडीच्या चाकाचा प्रत्येक आरा ज्या टोकाने तुंब्याच्या भोकात बसतो त्या टोकास सुतार कुसू म्हणतो. कुसवाचे काम ओढण्याचे नसते. जागेवर आणि सरळ धरण्याचे असते. क्यूच्या सांध्यात पितळी कुसू अक्ष धरतो व पोलादी आटे ताण धरतात, असे म्हटले की संपूर्ण रचना एका वाक्यात सांगून होते. त्या वाक्यात सुताराचा एक आणि टर्नरचा एक शब्द आहे, आणि दोहोंपैकी एकही काढता येत नाही.

तोंडे अक्षाशी काटकोनात असावी लागतात. आघाताच्या वेळी टोक व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकाच टिकतो. परंतु त्या आघाताची लहर सांध्यातून मुठीपर्यंत जाते. तोंडे नीट टेकली नसली तर सांधा खरखरतो आणि काठी टेबलावर लोळविली असता डुलते. काटकोन तपासण्याच्या हत्यारास आपला सुतार व गवंडी गुण्या म्हणतात. हा शब्द फार्सीतून आला आणि फार्सीत तो ग्रीक भाषेतील ‘कोन’ या अर्थाच्या शब्दावरून आला. निफाडच्या सुताराच्या पिशवीत ग्रीक भूमितीचा एक शब्द शतकानुशतके आहे, आणि तो उसना आहे असे कोणासही वाटत नाही.

‘सांधा’ हा शब्दही असाच बोलका आहे. संस्कृत संधि शब्दाचे तत्सम रूप व्याकरणात आणि ‘अवसर’ या अर्थी राहिले. तद्भव रूप हाडांत व लाकडांत राहिले. पाचरजोड आणि आट्यांचा सांधा यांतील भेद व्याकरणाच्या अभ्यासकास सहज कळेल. पहिल्यात सीमा दिसते पण उकलता येत नाही. दुसऱ्यात ती मुद्दाम उकलती ठेवलेली असते.

८. मूठ, शेंबी व टोक

सांधा झाल्यावर मुठीच्या मागील टोकाशी वजनासाठी धातूचा खिळा बसवून तोल साधतात. तोल बहुधा मागील टोकापासून १८ ते १९ इंचांवर यावा असा बेत असतो; परंतु खेळाडूच्या उंचीप्रमाणे व हाताच्या ठेवणीप्रमाणे तो मागेपुढे होतो. मूठ घसरू नये म्हणून तेथे उथळ खोबण कातून तीत तागाच्या दोऱ्याचे वेढे घट्ट गुंडाळतात.

पुढील टोकास लाकूड फाटू नये म्हणून एक छोटे नळकांडे बसवितात आणि त्यावर कातड्याचे टोक चिकटवितात. कातड्याच्या टोकाचा प्रघात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये मँगो या कप्तानामुळे पडला. नळकांड्यासाठी मराठीत तयार शब्द आहे : शेंबी. काठीच्या किंवा मुसळाच्या टोकास, ते झिजू वा फाटू नये म्हणून जे कडे बसवितात, ती शेंबी. क्यूची शेंबी नेमके हेच काम करते. ती जड असून चालत नाही. टोकाजवळचे वस्तुमान वाढले की बाजूने मारलेला चेंडू योजलेल्या रेषेपासून अधिक ढळतो.

जुन्या क्यूंच्या शेंब्या पुष्कळदा हस्तिदंती असत. आज त्या बदलून प्लास्टिकच्या बसवाव्या लागतात. आफ्रिकी हत्तीच्या दंतावरील आंतरराष्ट्रीय निर्बंध १९८९ साली ठरून पुढील वर्षी अमलात आले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने व त्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार निषिद्ध झाला. डाल्बर्जिया प्रजातीच्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासही २०१७ पासून परवाने लागू झाले. जुन्या क्यूतील लाकूड पुन्हा वापरण्यास आज जे महत्त्व आले आहे, त्याचे हेही एक कारण होय.

शेवटी लाकडावर रोगण चढवितात. पूर्वी हे काम लाखेने होई. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून घर्षणाच्या उष्णतेने ती पसरविण्याची रीत आपल्या कातारी लोकांस, सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांमुळे, चांगली परिचित आहे. आता बहुधा कृत्रिम रोगणे वापरतात.

९. परिभाषेविषयी काही निष्कर्ष

वरील वर्णनात आलेल्या शब्दांचे तीन वर्ग पडतात. पाचर, कुसू, शेंबी, गुण्या, सूत, सांधा, मूठ, सरस, करवत हे सुताराचे. लेथ, टर्नर हे यंत्रशाळेचे. आटे हा शब्द जुना असला तरी आज तो प्रामुख्याने यंत्रशाळेतच ऐकू येतो. क्यू, स्नूकर, पूल हे खेळाचे. पहिला वर्ग सर्वांत मोठा आहे. मुठीचे व सांध्याचे वर्णन करताना एकही नवा प्रतिशब्द मुळापासून घडवावा लागला नाही. ‘पाचरजोड’ हा एक समास तेवढा करावा लागला, आणि त्याचे दोन्ही घटक नित्याच्या वापरातील आहेत. अर्थात सुताराच्या भाषेने सर्व काही भागते असे मात्र नाही. चेंडूच्या ढळण्याचे गणित सांगावयाचे झाल्यास पदार्थविज्ञानाची परिभाषा लागेल, आणि क्यूला क्यू म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा वाटतो. कारागिराच्या भाषेचे बळ नामांपेक्षा क्रियापदांत आहे. कापणे, चिरणे, तासणे, रंधणे, कातणे, घासणे, सांधणे, मुरणे, पिळणे यांतील प्रत्येक क्रियापद हत्यार, दिशा आणि लाकडाचा स्वभाव यांपैकी काहीतरी नेमके सांगते. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने व विद्यापीठांनी जे परिभाषा कोश तयार केले, त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे; परंतु संज्ञांचे कोश स्वभावतःच नामांचे कोश असतात. दाते व कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात धंद्यांतील शब्दांस जागा मिळाली आहे. तरी क्रिया व हत्यार यांच्या जोडीने केलेली नोंद हे वेगळे काम आहे. ग्रियर्सनने १८८५ साली बिहारमधील शेतकरी व कारागीर यांच्या जीवनासंबंधी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात वस्तूच्या अनुषंगाने शब्द घेतले आहेत. त्या रीतीचे काम मराठीत तालुकावार होणे अगत्याचे आहे.

याची निकड सांगावयास फार लांब जावे लागत नाही. लाकडी चाकांच्या गाडीची जागा रबरी धावेच्या गाडीने व ट्रॅक्टरने घेतली. रबरी चाकास आरे नाहीत, तुंबा नाही, आणि म्हणून कुसूही नाही. कुसू हा शब्द पदव्युत्तर वर्गातील किती विद्यार्थ्यांना अर्थासह ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्यापुरते पडताळून पाहावे. शब्द जातो तो केवळ विस्मरणाने जात नाही. तो ज्या वस्तूत राहत होता ती वस्तू मोडीत निघाल्यामुळे जातो. मात्र तीच क्रिया दुसऱ्या वस्तूत शिल्लक असेल तर शब्दास तेथे पुन्हा जागा मिळू शकते. गाडीच्या चाकातील कुसू क्यूच्या पितळी नळीत बसतो, मुसळाची शेंबी क्यूच्या टोकास बसते, हे येथे दिसलेच आहे.

संकलनाची एक साधी पद्धत यावरून सुचते. शब्दांची यादी घेऊन कारागिराकडे जाऊ नये. वस्तू घेऊन जावे, आणि शक्य तर त्याच्या परिचयाची नसलेली वस्तू घेऊन जावे. परिचित वस्तूसंबंधी माणूस नाव सांगून थांबतो. अपरिचित वस्तू पुढे ठेवली म्हणजे ती कशी केली असेल, कोठे कापली, कशाने धरली, कोठे फसली, हे तो बोलू लागतो, आणि त्या बोलण्यात क्रियापदे आपोआप येतात. जुना क्यू कापण्यापूर्वी त्याची लांबी, जाडी, वाक आणि शिखरांची उंची लिहून ठेवतात, कारण नंतर ती मापे मिळणार नसतात. निफाडसारख्या तालुक्यात लाकडी चाक घडविलेले वृद्ध सुतार आहेत तोवर त्यांच्या भाषेची नोंदही याच काळजीने झाली पाहिजे.